काइरगेल्दीचे गाढव

१७ मार्च २०२३ रोजी पोस्टाच्या खिडकीवर ६८,४५० टेंगे भरून मी एक खोके सोडवून आणले. खोक्यात वीतभर लांबीच्या एका गाडीचे सुटे भाग होते. चार जाड चाके, दोन आस, दातेरी चक्रांच्या पुड्या, पोलादी चासी आणि दोनशे चौदा स्क्रू. मोटर, बॅटरी आणि रिमोट त्या किमतीत धरलेले नव्हते.

"म्हणजे पैसे देऊन वर बनवायचीही तुम्हीच," माझी बायको जाउरेश म्हणाली. "तुमच्या कारखान्यानेही असंच करावं. पीठ द्यावं आणि सांगावं, पाव घरी भाजून घ्या."

"ही धावणारी गाडी नाही. ही खडकावर चढते. अगदी हळू."

"हळू चढणारं एक आहे की घरात. लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा बसतं."

मी अल्माटीतल्या एका पाव कारखान्यात मुख्य हिशेबनीस आहे. तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. काहीतरी छंद लावून घ्या असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मी जाउरेशला सांगितले होते आणि ते खरेही होते. पण हे खोके मी डॉक्टरांमुळे मागवले नव्हते. काइरगेल्दीमुळे मागवले होते.

काइरगेल्दी आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणारा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, बुटका, रुंद खांद्यांचा, केगेनकडच्या गावातून आलेला. अकरा वर्षे आमचा संबंध एवढाच, की लिफ्ट बंद पडे, तो येई, छतावरच्या यंत्राच्या खोलीत जाई आणि खाली येऊन म्हणे, "आमेके, आता जा वर." माझे नाव अमानताय, म्हणून आदराने आमेके. मीही त्याला काइरेके म्हणत असे.

आदल्या ऑक्टोबरात एका रविवारी मी कार्गाली नदीच्या काठाने फिरत होतो. पाणी ओसरून पात्रातले धोंडे उघडे पडले होते. त्या धोंड्यांत काइरगेल्दी पालथा पडलेला दिसला. माणसाला काही झाले की काय म्हणून मी घाईने खाली उतरलो. पाहतो तर हनुवटी जमिनीला टेकवून, हातात रिमोट धरून तो निजला होता. त्याच्याभोवती सहा मोठी माणसे श्वास रोखून उभी होती आणि समोरच्या धोंड्यावर एक पत्र्याची गाडी चढत होती.

त्या धोंड्याला ते उंट म्हणतात. त्याला दोन उंचवटे आहेत आणि मधे एक खाच. पहिला उंचवटा बहुतेक गाड्या कशाबशा चढतात आणि खाचेत मागे उलथतात. काइरगेल्दीची गाडी खाचेत उतरली, थांबली, पुढचे एक चाक चाचपडल्यासारखे डावीकडे फिरले, दगडाच्या कडेला लागले आणि गाडी वर गेली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सहाही माणसांनी एकदम श्वास सोडला, तेवढा आवाज झाला.

मी सदतीस वर्षे ताळेबंद जुळवतो आहे. शेवटचा आकडा जुळल्यावर माझ्याभोवती कधी कोणी असे उभे राहिले नव्हते.

त्या गाडीला तो एशेक म्हणे, म्हणजे गाढव. ती त्याने स्वतः बनवली होती. स्प्रिंगा बॉलपेनातल्या, धक्के शोषायला जुन्या बुटातल्या नमद्याचे तुकडे, वजनासाठी मासेमारीचे शिसे. वरचा सांगाडा चहाच्या डब्याच्या पत्र्याचा होता आणि दारावर अजून अर्धा हत्ती दिसत होता. गाढवावर हत्ती. लोकांना त्याचेही कौतुक.

म्हणून मी खोके मागवले. ते सोडवून आणल्यावर दर संध्याकाळी जेवणापूर्वी एक तास, असे तीन आठवडे मी बसलो. औषधाच्या गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डब्यात स्क्रू लांबीप्रमाणे लावले. माहितीपत्रकात सांगितले होते त्या क्रमाने, त्याच जोराने आवळले. एकही स्क्रू उरला नाही, एकही कमी पडला नाही.

पहिल्या रविवारी मी ती पात्रात नेली. गाड्या चढवणाऱ्या ह्या मंडळाचा कारभार राविल पाहतो. तो मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक आहे आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शेजारी बसून पाहिल्यामुळे त्याची जीभ मोकळी झालेली आहे.

"आमेके, गाडी इतकी स्वच्छ आहे की हिच्यावर चहाचा वाडगा ठेवावा," तो म्हणाला. "चिखलात नेणार, की आधी परवानगी काढायची?"

माझी गाडी उंटाच्या पहिल्याच उंचवट्यावर अकरा वेळा उलटली. काइरगेल्दीने ती उचलली, उलटी करून पाहिली.

"चांगली बांधलीत," तो म्हणाला. "सगळे स्क्रू एकाच माणसाने आवळलेत, हे कळतं. पण तुम्ही उभ्याने चालवता. खाली निजून बघा. चाकाला काय दिसतं ते तुम्हाला दिसलं पाहिजे."

"माझी पँट इस्त्रीची आहे."

"मग उभ्याने," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा ओतला.

त्या उन्हाळ्यात मी सतरा रविवार गेलो. जूनमध्ये मी स्वयंपाकघरातला वजनकाटा खिशात घालून नेला आणि काइरगेल्दीला विचारले, "गाढवाचं वजन किती?"

"कधी केलं नाही."

"करू का?"

"करा की. ते काही लाजत नाही."

पुढच्या चाकांवर तीनशे बहात्तर ग्रॅम, मागच्या चाकांवर दोनशे सव्वीस. मी आकडे लिहून घेतले आणि घरी शिसे लावून माझी गाडी ग्रॅमला ग्रॅम तशीच केली. वजन सारखे, चाके त्याच्याहून नवी, मोटर त्याच्याहून महाग. बेरीज जुळत होती आणि गाडी उलटतच होती.

मला त्या माणसाचा कशाकशाचा हेवा वाटे ते सांगितले तर हसू येईल. तो आला की सपाट दगड त्याच्यासाठी मोकळा ठेवला जाई. त्याची बायको ओरीनकुल बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पाठवी आणि लोक ते संपल्यावरही पिशवीत हात घालून पाहत. जाउरेशने आणलेली दुकानातली बिस्किटे तशीच परत येत. तो बोलायचा थांबला तरी लोक त्याच्याकडे पाहत राहत. एकदा लिफ्ट चालू झाल्यावर जाउरेश सहज म्हणाली, "सोन्याची बोटं आहेत त्या माणसाची." मी त्या दिवशी जिन्याने वर गेलो.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आम्ही धोंड्यांवर बसून खात होतो. काइरगेल्दी लहानपणाच्या गोष्टी सांगत होता. केगेनचा हिवाळा, बर्फात अडकलेली दुधाची गाडी, ती काढायला बापाने जुंपलेले तीन बैल.

"एवढ्या थंडीत उघड्या डोक्याने फिरायचात?" राविलने विचारले.

"आम्ही टोपीवाले," काइरगेल्दी म्हणाला. "आमच्याकडे उघड्या डोक्याचा जन्मतच नाही."

सगळे हसले, कारण टोपी हे त्याच्या कुळाचेही नाव आहे. मी मात्र हसलो नाही.

"केगेनचे, आल्बान जमातीचे? टोपीवाल्यांच्या घरातले?" मी विचारले.

"तेच."

"माझी आई आल्बान. टोपीवाल्यांचीच लेक."

राविलने हातातला बाउरसाक खाली ठेवला. "झालं. काइरेके, तुम्ही मामा झालात. भाचा आठ वर्षांनी मोठा आहे, पण चालवून घ्या."

आमच्यात असे आहे, की आईच्या कुळातला पुरुष पाळण्यात असला तरी तो मामाच. आणि भाच्याचा मामाकडे एक हक्क असतो. आजोळच्या माणसाकडून जन्मात तीन वेळा हवी ती वस्तू मागावी आणि त्याने ती द्यावी. नाही म्हटले तर लाज मामाची जाते. ह्याला जियेनकुरुक म्हणतात. हल्ली लोक थट्टेनेच मागतात, एखादा चाकू, एखादे कोकरू. माझ्या आईला भाऊ नव्हते. मी हा हक्क कधी वापरलेला नव्हता. तिन्ही मागण्या शिल्लक होत्या.

"तर मग मामा," मी म्हणालो, "भाच्याला हे गाढव द्या."

मी हसत म्हणालो होतो. पण दुसरे कोणी हसले नाही, तेव्हा मला कळले की माझ्या आवाजात हसू नव्हते.

काइरगेल्दीने चहाचा वाडगा खाली ठेवला. गाढव मांडीवर घेतले. चारही चाकांवरचा चिखल अंगठ्याने पुसला, एकेक करून, आतल्या बाजूनेसुद्धा. मग रिमोट त्याच्या टपावर ठेवून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

"घे, भाच्या," तो म्हणाला. "बॅटरी पाऊण आहे. उजवीकडे जरासं ओढतं. ओढू दे त्याला, अडवू नको."

अकरा वर्षे मी त्याला तुम्ही होतो. त्या क्षणापासून तू झालो.

घरी जाउरेशने टेबलावर अर्धा हत्ती पाहिला आणि ओळखला.

"मागून आणलंत? साठी उलटलेल्या माणसाने?"

"रीत आहे."

"रीत आहे, तर मग तोंड असं का झालंय?"

पुढच्या रविवारी मी गाढव घेऊन उंटापुढे उभा राहिलो. सगळे जमले होते. पहिल्या तीन वेळा ते उलटले. चौथ्या वेळी मी इस्त्रीच्या पँटीनिशी धोंड्यांत पालथा पडलो. एक खडा बरगडीत टोचत होता. खालून पाहिले, तर उंट म्हणजे डोंगर दिसत होता आणि त्याच्या खाचेत डावीकडे बोटभर रुंदीची एक पायरी होती. उभ्याने ती मला सतरा रविवारांत दिसली नव्हती. गाढव उजवीकडे ओढत होते. मी ओढू दिले. मग चाक डावीकडे वळवले, ते पायरीला लागले आणि गाढव वर गेले.

सहा माणसांनी श्वास सोडला.

"काइरेके," राविल म्हणाला, "तुमचं गाढव चढलं हो."

आणि सगळे त्याच्याकडे वळले. कोणी त्याचा खांदा थोपटला, कोणी बाउरसाक पुढे केले. मी खाली पालथाच होतो. तो सपाट दगडावर बसला होता आणि त्याचे हात रिकामे होते. ते रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे सरळ होत नव्हती. हात गुडघ्यावर सैल ठेवलेला असूनही ती आकड्यासारखी वळलेली राहिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाढव उघडले. आत काय आहे, ते एकदाचे पाहायचे होते. मागचा आस सोडवताना दोन बेअरिंग उडाले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली गेले. कपाट भिंतीत बसवलेले आहे. मी फुटपट्टीने उकरून पाहिले, मिळाले नाहीत.

आत काही गुपित नव्हते. एका जातीचे तीन स्क्रूही नव्हते. पण बॅटरी काढली तेव्हा तिच्याखालच्या पत्र्यावर सुईने कोरलेल्या ओळी दिसल्या.

अंगठा, २ जानेवारी.
पहिलं बोट, १९ जानेवारी.
मधलं, ११ फेब्रुवारी.
चौथं, नाही.
चौथं, नाही.
चौथं, ६ मार्च, अर्धं.
करंगळी, नाही.
करंगळी, नाही.
करंगळी, ३० मार्च. एक स्क्रू.

दुसऱ्याच्या नोंदी वाचणे हेच माझे काम. तरी ह्या मी दोनदा वाचल्या. मग राविलला फोन लावला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीत त्याचा हात लिफ्टच्या दोरखंडात सापडला. पाचही बोटं. डॉक्टर म्हणाले, चमचा धरता येईल, पाना धरता येणार नाही. कामावर त्याला रखवालदाराच्या खुर्चीत बसवलं. दुसऱ्या हिवाळ्यात ते गाढव करायला घेतलं. बारीक स्क्रू, रोज एक. ज्या बोटाने आवळता आला त्याची तारीख घालायचा. वसंतात पाना घेऊन साहेबापुढे उभा राहिला."

"मधे दीड वर्ष दुसरा लिफ्टवाला येत होता. मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही वजन विचारलंत, आमेके. वजन मिळालं."

मी फोन ठेवला. मला वाईट वाटले, हे खरे आहे. पण ज्या माणसाला हातच परत मिळवावा लागला, त्याला तो मिळवता आला, ह्याचाही मला हेवा वाटला. माझे दोन्ही हात जन्मापासून धड आहेत आणि त्यांनी असे काही केलेले मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात राबिगा मावशीचा फोन आला. आईची धाकटी बहीण, त्र्याऐंशी वर्षांची, गावात कोणाचे लग्न कोणाशी झाले हे तिला पाच पिढ्या पाठ. मी म्हटले, मला इथे मामा मिळाला आहे, काइरगेल्दी, लिफ्टवाला.

"कुठला? ओमाराचा नातू? केगेनच्या पुलापलीकडचा?"

"तोच. टोपीवाला."

मावशी इतकी हसली की तिला खोकला आला. "अरे, टोप्या दोन. आपण लाल टोपीवाले. पुलापलीकडे सगळे तपकिरी टोपीवाले. तो कसला तुझा मामा? आईचं कूळ विसरलास, आणि कारखान्याचे आकडे म्हणे तू जुळवतोस."

आमच्या घरी लहानपणी टोपीवाले म्हटले की लालच. दुसरा रंग कोणी बोललाच नव्हता. एखाद्या खात्याचे अर्धेच नाव वाचून रक्कम उचलावी, तसे मी केले होते. अशा चुकीवर मी कारखान्यात दोन कारकून घरी पाठवले आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाढव पिशवीत घालून छतावरच्या यंत्राच्या खोलीत गेलो. काइरगेल्दी मोटरीला तेल देत होता. खिडकीत टेबलाएवढी फळी होती आणि तिच्यावर माशांच्या डब्याचा पत्रा कापून ठेवला होता. नव्या गाडीचा दरवाजा असावा.

"ये, भाच्या. पाय जपून, तेल सांडलंय."

मी पिशवी फळीवर ठेवली. "काइरेके, मी तुमचा भाचा नाही. माझी आई लाल टोपीवाल्यांची. तुम्ही तपकिरी."

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"तू लाल टोपीचा भाचा हे मला ठाऊक होतं. तुझ्या आईच्या वडिलांचं नाव पत्राच्या पेटीवर आहे. ते घर लाल टोपीचं, हे केगेनमध्ये सगळ्यांना ठाऊक. अकरा वर्षं येता-जाता वाचतो."

आईची पेन्शनची पत्रे तिच्या माहेरच्या नावाने येत. ती जाऊन सहा वर्षे झाली, पण पेटीवरची त्या नावाची चिठ्ठी मी काढलेली नव्हती.

"मग दिलंत का?"

"तू चार माणसांत मागितलंस," तो म्हणाला. त्याने तेलाचा डबा बंद केला आणि चिंधीने झाकण पुसले. "मी म्हणालो असतो, आमेके, तुमची टोपी चुकली, तर राविलने वर्षभर तुला सोडलं नसतं. टोपी ती टोपी. लाल काय, तपकिरी काय."

"परत घ्या. मी आतल्या तारखा पाहिल्या."

"उघडलंस ना? मला वाटलंच होतं. मीही उघडलं असतं." त्याने गाढव पिशवीतून काढले, पत्र्यावरच्या अर्ध्या हत्तीवरून बोट फिरवले आणि पुन्हा पिशवीत ठेवले. "गाडी तुझ्याकडे राहू दे. बोटं माझ्याकडे आहेत."

त्या वाक्याचाही मला हेवा वाटला. तसे वाक्य माझ्या तोंडून कधी निघणार नाही, हे मला खोलीतून बाहेर पडण्याआधीच कळले.

"मागचा आस घट्ट का फिरतोय?" त्याने पिशवीतूनच चाक हलवून विचारले.

"दोन बेअरिंग कपाटाखाली गेले. मी त्यांच्याविनाच जोडलं."

तो हसला. खिडकीतल्या औषधाच्या बाटलीतून त्याने दोन बेअरिंग काढले. चिमटा न घेता, वाकड्या करंगळीने तळहातावर ढकलून. मग तिथेच उभ्याने आस उघडला आणि बसवले. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे लागली. घरी मला हेच करायला पाऊण तास लागला होता.

"हे तू मला देणं लागतोस," तो म्हणाला. "हे जियेनकुरुकमध्ये नाही. मी तुझा मामा नाही."

आता मी निवृत्त झालो आहे. गाढव घेऊन मी रविवारी जातो आणि इस्त्री न केलेली पँट घालतो. काइरगेल्दीची नवी गाडी माशांच्या डब्यांची आहे. ती मागच्या महिन्यात उंटाचा दुसरा उंचवटा ओलांडून पलीकडे उतरली. तिथे गाढव अजून गेलेले नाही. लोक त्याच्याकडे वळतात. तो मला अजून भाच्या म्हणतो आणि तू म्हणतो, आणि राविलला अजून टोपीतला फरक माहीत नाही.

सात मिलिमीटरचे दोन बेअरिंग मी काइरगेल्दीला देणे आहे. अजून दिलेले नाहीत.